कानांतील शिल्लक

ज्यांना ईश्वराने अखंड आणि निःशुल्क श्रवणाची सनद बहाल केली आहे, त्यांना ऐकणे हा एक खर्च आहे अशी शंकासुद्धा कधी येत नाही. आणि त्यामुळेच ही मंडळी शेजाऱ्यांच्या कलहापासून निवडणुकीच्या कर्ण्यापर्यंत जे जे कानांवर पडेल ते ते उधळ्या जहागीरदाराच्या औदार्याने ऐकून घेत असतात. आमची परिस्थिती तशी सुखवस्तू नाही. माणसाचे घरगुती बोलणे साधारण ५०-६० डेसिबलच्या घरात असते आणि माझे कान जागे होतात ते ७० च्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने श्रवणदोषाची जी प्रतवारी लावली आहे, तीत ६५ ते ८० डेसिबलचा इलाखा ‘तीव्र’ या सदराखाली मोडतो, आणि मी त्या इलाख्याचा कायमचा रहिवासी आहे. सबब मला जे काही ऐकू येते ते कानांमागे बसविलेल्या दोन यंत्रांच्या कृपेने, ती यंत्रे चालतात पोटातील लिथियम-आयन बॅटरीच्या कृपेने, आणि ती बॅटरी भरते वीजखात्याच्या कृपेने. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला उतारवयात पुन्हा तीन वरिष्ठ लाभावेत, याला योगच म्हटले पाहिजे.

पूर्वी अशी ताबेदारी नव्हती. त्या काळी माझ्या यंत्रात जस्त आणि हवा यांच्या संयोगावर चालणारा सेल असे. जड कानांसाठी ६७५ क्रमांकाचा, निळ्या पट्टीचा. ती पट्टी सोलली की सेलच्या पाठीवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत शिरते, तिच्यातील प्राणवायूशी जस्ताचा संयोग होऊन वीज उत्पन्न होऊ लागते, आणि हा व्यवहार एकदा सुरू झाला की पट्टी पुन्हा चिकटवून तो तहकूब करता येत नाही. सोलल्यावर मिनिटभर धीर धरून मगच सेल यंत्रात घालावा, ही जाणत्यांची शिकवण होती. हे सेल कीर्तनात, बँकेच्या खिडकीपाशी, व्याह्यांच्या पंगतीत, कोठेही प्राण सोडीत. परंतु खिशात वारस तयार असे आणि दोन मिनिटांत त्याच्या नावाचा फेरफार मंजूर होई. वाईट इतकेच, की म्हाताऱ्या बोटांतून निसटलेला सेल हटकून कपाटाखाली जाई, आणि घरात रांगते मूल असल्यामुळे तो सापडेपर्यंत कोणाला अन्न गोड लागत नसे. कारण असला सेल मुलाने गिळला तर ते जिवावरचे संकट असते. याच एका कलमावर सूनबाईंनी घरात ठराव मांडला, तो बिनविरोध संमत झाला, आणि चार्ज होणारी यंत्रे माझ्या दिमतीस आली.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी ती हाती देताना, “काका, रात्री डबीत ठेवा, तीन-चार तासांत भरतील, दिवसभर बघायला नको,” असे आश्वासन दिले होते. बाई सत्यवचनी आहेत; प्रश्न एवढाच की त्यांनी धरलेला दिवस कोणत्या घरातला. तो बहुधा एखाद्या मितभाषी, अपत्यहीन आणि दूरचित्रवाणीविरहित घरातला असावा. कारण कान जितका जड तितका आवाज अधिक वाढवावा लागतो, आवाज जितका वाढवावा तितकी वीज अधिक खर्ची पडते, आणि गोंगाटातून बोलणे निवडून काढण्याच्या कामी यंत्राला जी यातायात करावी लागते तिचा भुर्दंड पुन्हा निराळा. त्यातून फोनचे संभाषण ब्लूटूथने थेट दोन्ही कानांत उतरविण्याची सोय आहे. ही सोय अद्भुत आहे, पण तिचा वीजभत्ता जबर आहे. नागपूरच्या आमच्या भगिनी दुपारी जेवणानंतर फोन करतात आणि त्यांच्या गुडघ्यांपासून विहीणबाईंच्या स्वभावापर्यंतचा सर्व तपशील सादर करतात, तेव्हा संध्याकाळच्या व्याख्यानासाठी राखून ठेवलेली तरतूद दोन प्रहरीच खर्ची पडते. आणि पुढे साक्षात बृहस्पती व्यासपीठावर उभे राहिले तरी त्यांना ऐकण्यासाठी तिजोरीत दमडी उरत नाही.

अशा प्रसंगी मी इतिहासाचा आधार घेतो. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीची यंत्रे निर्वातनलिकांवर चालत. त्या नलिकांना तापवायला एक बॅटरी आणि चालवायला अधिक दाबाची दुसरी, असा दुहेरी सरंजाम कमरेला किंवा कपड्यांत बाळगून बहिरा मनुष्य समाजात वावरे. पुढे १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर पहिल्यांदा बाजारात उतरला तो श्रवणयंत्रात. त्याचा रेडिओ निघाला १९५४ साली. ग्रॅहॅम बेल यांनी बहिऱ्यांसाठी जन्मभर केलेल्या कार्याच्या स्मरणार्थ बेल प्रयोगशाळेने श्रवणयंत्रवाल्यांकडून या शोधाचे स्वामित्वशुल्कही घेतले नाही. जगाने ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकली त्याआधी आम्ही त्याच्यावर बायकोची बोलणी ऐकली, हा आमच्या जमातीचा मान इतिहासात नमूद आहे; तो कोणी फारसा सांगत नाही, म्हणून येथे सांगितला.

आता या नव्या राजवटीतील खरा जुलूम सांगतो. पूर्वी बहिरेपण ही स्वयंघोषणेची बाब होती. भिशीच्या सभेचा वृत्तांत सुरू झाला, जावईबापूंनी शेअरबाजाराचे निरूपण आरंभिले, की मी कानाकडे बोट नेऊन “सेल गेला वाटतं” एवढे पुटपुटत असे आणि समस्त मंडळी माझ्याकडे करुणेने पाहून मला मोकळे सोडीत. कोणी पुरावा मागत नसे. परंतु या यंत्रांच्या सोबत फोनवर एक अ‍ॅप येते आणि त्यात डाव्या-उजव्या कानांची शिल्लक टक्क्यांनिशी दिसते. थोरल्या नातवाने हा दप्तरखाना स्वतःच्या ताब्यात घेतला आहे. मी चेहऱ्यावर यथोचित खेद आणून “बॅटरी उतरली बरं का” म्हणावे, आणि त्याने भर बैठकीत “आजोबा, अजून ४८ टक्के आहे!” अशी द्वाही फिरवावी, हा प्रकार आता नित्याचा झाला आहे. कुटुंब त्यावर काही बोलत नाही. ती फक्त वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. सरकारी नोकरीत मी लेखापरीक्षक पुष्कळ पाहिले, पण हिशेब होत असतानाच आक्षेप काढणारा हा पहिलाच.

रात्रीचे प्रकरण आणखी निराळे. माझी यंत्रे चार्जरच्या डबीत ठेवली की आपोआप बंद होतात, पण डबीला वीज पोहोचत असेल तरच. आमच्या पेठेत मध्यरात्री वीज गेली तर ती मिटल्या डबीत जागीच राहतात आणि पहाटेपर्यंत आमच्या दोघांचे घोरणे इमानेइतबारे ऐकून उरलीसुरली शिल्लक त्यावर उडवितात. सकाळी ती कानांवर चढवावीत तो जमेच्या बाजूला शून्य. रात्रीच्या गाडीने कोकणात जायचे तर आगीच्या भयास्तव डब्यातील चार्जिंगची सोय रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचा रेल्वेचा शिरस्ता आहे. शहाण्या माणसाने जेवणापूर्वीच यंत्रे डबीत ठेवून त्यांचे पोट भरून घ्यावे आणि सहप्रवाशांच्या चौकश्यांना स्मितहास्याने उत्तर द्यावे. मे महिन्यात यंत्रे खिडकीत किंवा बंद मोटारीत ठेवू नयेत, कारण उष्णतेने लिथियमची धारणा लवकर खालावते. तशीही ती दरसाल थोडीथोडी खालावतेच, पेन्शनरांना हे समजावून सांगावयास नको.

शिल्लक संपत आली की यंत्र कानात एक लहानशी धून वाजविते. ती मला एकट्यालाच ऐकू येते, आणि मंगलाष्टकांचे शेवटचे कडवे किंवा डॉक्टरांचे “आता मुख्य गोष्ट सांगतो” हे वाक्य साधून वाजते. तिच्यानंतर थोड्याच अवधीत सर्व जग मूक होते, आणि मी मात्र पूर्ववत मान हलवीत असल्याने कोणाला संशय येत नाही. संशय आलाच तर ते ओरडू लागतात. अंतःकर्ण बिघडलेल्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सहन होत नाही; ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, चेहरा मात्र रागीट दिसतो, आणि आपण काय अपराध केला याचा विचार करण्यात माझी संध्याकाळ जाते.

तरी आप्तेष्टांस विनंती, की ज्यांना मजशी काही बोलावयाचे असेल त्यांनी दिवेलागणीपूर्वी यावे, उजेडात समोर बसावे, पंखा व टीव्ही बंद करवावा आणि नेहमीच्या आवाजात सावकाश बोलावे. लांबलचक मजकूर असल्यास लिहून पाठवावा. ज्यांना उसने पैसे मागावयाचे असतील, त्यांनी मात्र रात्री साडेनऊनंतर केव्हाही यावे.