वनस्पती तुपास, लालबागहून

वनस्पती तुपा,

तुला मी 'प्रिय' म्हणणार नाही आणि नमस्कारही करणार नाही. पत्र उघडं लिहितेय, कारण तू आजवर जे केलंस ते सगळं झाकून केलंस. खारीच्या पापुद्र्यांत, नानकटाईच्या खुसखुशीतपणात, क्रीमरोलच्या पांढऱ्या क्रीममध्ये, पंगतीतल्या बुंदीच्या लाडवात तू बसून राहिलास. ताटात तुझं नाव कधी कुणी घेतलं नाही. आज मी घेतेय.

तू परका नाहीस, हे आधी सांगते. तू आमच्या शेजारचा. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून त्याचा घट्ट गोळा करण्याची युक्ती विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनतज्ज्ञाची, तिचं पेटंट 1902 सालचं. आपल्याकडे तू आधी बोटीनं, हॉलंडहून यायचास. मग 1931 साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी शिवडीच्या कारखान्यात तू तयार होऊ लागलास. लालबागहून शिवडी चालत जाण्याइतकी जवळ. 1937 साली तुला डालडा हे नाव मिळालं, पिवळा डबा मिळाला, त्यावर हिरवं झाड आलं. ते नाव इतकं पसरलं की पुढे कुठल्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. आमच्या चाळीत रिकाम्या डब्यात तुळस लावलेली असायची. घरात इतकं मानाचं स्थान मिळालं होतं तुला.

तुझ्यावर संशय घेणारे होते. गांधीजींनी 'हरिजन'मधून तुझ्याविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर तुझ्यावर बंदी घाला अशी मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही. नियम मात्र एक झाला: वनस्पती तुपात तिळाचं तेल घातलंच पाहिजे. तिळाचं तेल प्रयोगशाळेत रंगावरून लगेच ओळखू येतं, म्हणून साजूक तुपात तुझी भेसळ झाली तर पकडता यावी हा हेतू. तुला ओळखण्यासाठी कायद्यानं तुझ्या अंगावर खूण केली ती तुपाची शुद्धता राखायला. तुला खाणाऱ्या माणसाच्या रक्तवाहिनीचं काय होतं, हा प्रश्न त्या काळी ऐरणीवर आलाच नाही. उलट 1953 पासून तुझ्यात 'अ' जीवनसत्त्व घालणं सक्तीचं झालं आणि तू पौष्टिक म्हणून मिरवलास.

ज्यांनी तुला घरात आणलं त्यांना मी दोष देणार नाही. गिरणगावातल्या बाईनं साजूक तूप कुठून आणायचं होतं? तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्या, एका खोलीत आठ-दहा माणसं, पगार हातात पडायच्या आत वाण्याची उधारी. 1972 साली महागाई प्रतिकार समितीच्या बायका मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या काही चैनीसाठी उतरल्या नव्हत्या. पुढे 1982 चा गिरणी संप झाला, घरोघरी चूल विझायची वेळ आली. अशा दिवसांत दिवाळीला पोरांच्या तोंडात शंकरपाळं पडावं म्हणून आईनं तुझं मोहन घातलं. चिरोट्याचा साटा तुझाच लावला, कारण तू स्वस्त होतास आणि तुझ्यामुळे पदर सुटे होत. माझ्या सासूबाईंनीही तेच केलं. त्यांच्या मायेचा तू फायदा घेतलास आणि हे मी तुला कधी माफ करणार नाही.

आता माझ्या घरचं सांगते. आमच्या ह्यांना परळच्या पुलाचा जिना चढताना छातीत दाटून आलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. एलडीएल 182, एचडीएल 33. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, हे दोन्ही आकडे चुकीच्या दिशेला गेलेत. जे कमी हवं ते वाढलंय आणि जे जास्त हवं ते घटलंय." झटका आला नव्हता. थोडक्यात निभावलं होतं. पण त्या रात्री मी झोपले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरात शिक्षा वाटत सुटलो. वरणभातावरचं तूप बंद. अंडी बंद. बांगड्याचं कालवण बंद, कारण शेजारच्या काकींनी सांगितलं की मासा म्हणजे चरबी. वडापाव तर अर्थात बंद. दादर स्टेशनाबाहेर 1966 साली अशोक वैद्यांनी वडापाव विकायला सुरुवात केली तेव्हापासून या शहरातलं जे काही बिघडलं त्याचा ठपका वडापाववर ठेवायची लोकांना सवय आहे. वडा तेलकट आहेच, पण त्याची कढई रस्त्यावर सगळ्यांसमोर उकळत असते. काळं तेल डोळ्यांना दिसतं आणि ते पाहून माणूस पुढे जाऊ शकतो.

तू मात्र राहिलास. सकाळच्या चहाबरोबर दोन खाऱ्या, संध्याकाळच्या चहाबरोबर दोन, पाहुणे आले की नानकटाई, रविवारी पोरांसाठी पॅटीस. कुणाच्या मनातच आलं नाही. खारी हाताला कोरडी लागते. ती तळलेली नाही, भाजलेली आहे. सासूबाई म्हणायच्या, "अरे, खारी खा, ती हलकी असते." आजाऱ्याला खारी देतात आपल्याकडे! आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभरात काय काय पोटात जातं ते लिहून मागितलं आणि चहाच्या ओळीवर पेन टेकवून थांबल्या. खारीचा एक एक पापुद्रा सुटतो कशानं, हे त्यांनी मला समजावलं. कणकेच्या घड्यांमध्ये घट्ट चरबीचा थर द्यावा लागतो, तो भट्टीच्या आचेपर्यंत टिकावा लागतो. तेल तिथे कामाचं नाही, ते कणकेत मुरून जातं. लोणी महाग. राहिलास तू, किंवा तुझंच भावंड मार्गारीन. खारी खाल्ल्यावर टाळ्याला जो मेणचट थर चिकटून राहतो, तो तू. एवढी वर्षं त्यावर मी चहाचा घोट घेत आले.

तू शरीरात काय करतोस तेही आता मला माहीत आहे. तेल अर्धवट घट्ट केलं की त्यातल्या काही रेणूंची वळणं सरळ होतात. ही ट्रान्स चरबी. ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवते आणि त्याच वेळी चांगलं, म्हणजे एचडीएल, घटवते. नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी 1990 साली माणसांवर प्रयोग करून हे दाखवलं. मलई किंवा साजूक तुपातली संपृक्त चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते हे खरंच आहे, साजूक तुपाला निर्दोष ठरवायला मी हे पत्र लिहीत नाही. पण एका हातानं वाढवायचं आणि दुसऱ्यानं घटवायचं, हे दुहेरी काम तुझं. ह्यांच्या रिपोर्टावरचे ते दोन आकडे पाहिले की मला तेच आठवतं. सगळा दोष तुझा असं डॉक्टर म्हणत नाहीत. ह्यांच्या घराण्यात हा आजार आहे, वर्षानुवर्षांची रात्रपाळी आहे, तंबाखू आत्ता कुठे सुटली आहे. पण जे आमच्या हातात होतं, त्यात सर्वांत जास्त तू होतास, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

अमेरिकेत फ्रेड कमरो नावाचे शास्त्रज्ञ होते. हृदयविकारानं गेलेल्या माणसांच्या रक्तवाहिन्यांत त्यांना ट्रान्स चरबी सापडली आणि 1957 साली त्यांनी ते छापलं. कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी पाठ सोडली नाही. नव्वदी उलटल्यावर 2009 मध्ये त्यांनी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला, उत्तर मिळेना म्हणून 2013 मध्ये कोर्टात गेले, आणि 2015 मध्ये अर्धवट घट्ट केलेली तेलं सुरक्षित नाहीत असा निर्णय झाला. तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. डेन्मार्कनं त्याआधीच, 2003 साली, चरबीतल्या ट्रान्सवर 2 टक्क्यांची मर्यादा घातली होती. आपल्याकडे मर्यादा आधी 10 टक्के होती, मग 5 झाली, 2021 च्या जानेवारीत 3, आणि 2022 च्या जानेवारीपासून 2 टक्के. डेन्मार्क आणि आपण यांच्यामध्ये जवळजवळ दोन दशकं गेली. त्या दोन दशकांत आमच्या ह्यांनी खाल्लेल्या खाऱ्यांचा हिशेब कोण देणार?

कायदा आला याचं मला खरंच समाधान आहे. ज्या अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि ग्राहक कार्यकर्त्यांनी तो आणला त्यांचे आभार. पण तू कायद्यानंतर घर सोडलं नाहीस, कपडे बदललेस. आता तुला पामतेलापासून वेगळ्या रीतीनं घट्ट करतात. ट्रान्स कमी झालं, पण संपृक्त चरबी भरपूर उरली. पाकिटावर तू 'खाद्य वनस्पती चरबी' किंवा 'इंटरएस्टरिफाइड' असल्या नावानं येतोस. 'वनस्पती' म्हटलं की माणसाला पालेभाजी आठवते आणि तो निर्धास्त होतो. तरी पाकिटावर निदान काहीतरी लिहिलेलं असतं. बेकरीच्या काचेच्या बरणीवर काय लिहिलेलं असतं? काहीच नाही. गिरगावात, दादरला, परळला आम्ही खारी विकत घेतो ती किलोवर, कागदात बांधून. त्या कागदावर कालची बातमी असते, आतल्या चरबीबद्दल एक अक्षर नसतं.

माझं भांडण इथे आहे. तूप वाढलेलं दिसतं, माणूस एक चमचा कमी घेऊ शकतो. अंड्याचा बलक बाजूला काढता येतो. सोलकढीतला नारळ चवीला कळतो. जे दिसतं त्याला नको म्हणता येतं. तू नको म्हणायची संधीच देत नाहीस, आणि ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत त्याच्याच वाट्याला तू जास्त येतोस. लोण्यातली खारी खाणाऱ्याला चरबीचं नाव विचारून घेता येतं. पाळी संपवून आलेला माणूस टपरीवर चहात जे बुडवतो, त्यात काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

मी बेकरीवाल्यांच्या पोटावर पाय आणायला निघालेले नाही. पहाटे तीनला भट्टी पेटवणारी ती माणसं आहेत, बहुतेकांना ठोक बाजारात जो डबा परवडतो तोच ती आणतात. आमच्या नाक्यावरच्या बेकरीत मी विचारलं तेव्हा तिथल्या मुलानं न लाजता आतला पत्र्याचा डबा उघडून दाखवला. म्हणाला, "काकी, एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नाही." ते ऐकून मला गलबलून आलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं की बरणीवर एक चिठ्ठी लाव: यात कोणती चरबी आहे. बाकी घ्यायचं की नाही ते घेणारा ठरवेल. अन्न सुरक्षेचं काम पाहणाऱ्या खात्याकडेही माझी हीच मागणी आहे. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या बेकरीच्या मालावर चरबीचं नाव लिहिणं सक्तीचं करा. खडूनं पाटीवर लिहिलं तरी चालेल.

आमच्या घरातून तू गेलास. चहाबरोबर आता भाजलेले चणे असतात, कधी कुरमुरे, कधी सकाळची ज्वारीची भाकरी कडक करून. शिक्षा भोगणारा बांगडा सन्मानानं परत आलाय. तारली आणि बांगडा यांच्यातली चरबी हृदयाला बरी, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी कोळणीकडे पुन्हा जायला लागले. मात्र तळून नाही, तिखलं करायचं. मुगाचं आणि वालाचं बिरडं आठवड्याला होतं, त्यात खोबरं पूर्वीच्या निम्मं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, मोजून वेगळ्या बाटलीत. वरणभातावर तुपाचा छोटा चमचा परत आला, कारण तो मला दिसतो आणि मोजता येतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज रात्री चालू आहे. आहार बदलला म्हणून ती आपल्या मनानं सोडायची नाही, हे आमच्या ह्यांना मी रोज सांगते आणि वाचणाऱ्यांनाही सांगते. ह्यांचा एलडीएल उतरलाय. एचडीएल हळूहळू वर येतोय, त्याला चालणं लागतं, म्हणून आम्ही दोघं रोज सकाळी भारतमाता सिनेमापासून पुढे चालत जातो.

सासूबाईंना सगळ्यात जड गेलं. पहिल्यांदा त्या रागावल्या, मग गप्प झाल्या. "मीच घातलं ना गं त्याच्या पोटात?" असं एकदा विचारलं. मी म्हटलं, "आई, तुम्ही नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." हे उत्तर मी तुझ्याही तोंडावर लिहून ठेवते. त्या माउलीच्या डोळ्यांतल्या पाण्याचा धनी तू आहेस, ती नाही.

यंदा दिवाळीला त्या चिरोटे करणार नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं करायचे. घरच्या लोण्याचं तूप कढवू, साटा त्याचाच लावू, पदर थोडे कमी सुटले तर सुटू देत. माणशी दोन, मोजून. आणि ज्यांना आम्ही डबा देऊ त्या प्रत्येकाच्या डब्यावर चिठ्ठी असेल: आत साजूक तूप आहे, बेतानं खा.

लालबागमधली एक गृहिणी