पुढच्या टायरचं कुणी नाव काढत नाही

नाना पेठेतल्या टायरच्या दुकानात परवा एक कॉलेजचा मुलगा आला. गाडी यामाहा आर१५. मागणी एकच: "काका, मागे दीडशेचा बसवा." कंपनीचा टायर १४०/७०. त्याला दहा मिलिमीटर जादा हवे होते, मागून गाडी भरलेली दिसावी म्हणून. मी वाकून पुढच्या टायरवर बोट फिरवलं. मधला पट्टा सपाट, खाचेत नखही अडकेना. झीज दाखवणारे उंचवटे रबराच्या बरोबरीला आलेले. त्याबद्दल पठ्ठ्याने चकार शब्द काढला नव्हता.

मला राग येतो तो याचाच. जोरात ब्रेक मारला की भार पुढे येतो आणि गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागचं घसरलं तर कधीकधी सावरता येतं. पुढचं सुटलं की माणूस थेट रस्त्यावर. तरी पैसे जातात मागच्यावर, कारण फोटोत तोच दिसतो.

२००८ साली पहिली आर१५ आली तेव्हा तिच्या मागे १००/८० चा बारीक टायर होता. २०११ साली कंपनीने तो १३०/७० केला, पण त्याबरोबर रिम रुंद केली, स्विंगआर्म बदलला. आपण नुसतं रबर बदलतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात, माथा निमुळता होतो आणि पैसे मोजून घेतलेली रुंदी सरळ रस्त्यावर टेकतच नाही. शिवाय १४०/७० ची उंची ९८ मिलिमीटर, १५०/७० ची १०५. गाडी मागून उचलली जाते, छोट्या इंजिनावर जादा वजन पडतं, पिकअप मरतो.

मऊ रबराचंही तसंच. ट्रॅकचा टायर तापल्याशिवाय पकड देत नाही. जुलैच्या पावसात ताम्हिणी घाटात तो तापणार कधी? रोज कॉलेज आणि रविवारी घाट करणाऱ्याला पाणी बाहेर काढणाऱ्या खोल खाचा हव्यात.

दुकानातल्या पोराने कागद फाडून 'नवा' टायर पुढे ठेवला. कडेवर चार आकडे होते: ३५२०. म्हणजे २०२० सालचा पस्तिसावा आठवडा. तेव्हापासून पडून राहिलेलं रबर! ते आतून कडक होतं आणि ओल्या डांबरावर धरत नाही. हे आकडे वाचल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका, दुकानदाराने कितीही तोंड वाकडं केलं तरी. मी तो परत करायला लावला.

पाऊण तास हुज्जत झाली. शेवटी मुलाने दोन्ही टायर घेतले, मापाचे आणि ताजे. मेकॅनिकने आधी पुढचा चढवला, कडेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना ते पाहिलं. हवा भरणारा अंदाजाने चाळीसवर निघाला होता. त्याला स्विंगआर्मवरचा स्टिकर वाचायला लावला. मुलाला सांगितलं, पहिले दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नकोस, कोऱ्या रबरावरचा गुळगुळीतपणा जाऊ दे.

"म्हणजे या रविवारी ताम्हिणी नाही?"

नाही. पुढच्या रविवारी.