अर्धी गोळी

नांदेड असो की लातूर, मेडिकलच्या काउंटरवर हा संवाद ठरलेला. "मांजर गरम लागतंय, खात नाही." "ताप असेल, यातली अर्धी द्या."

ती अर्धी गोळी पॅरासिटामॉलची. म्हणजे २५० मिलिग्रॅम. मांजर चार किलोचं. किलोमागे साठच्या वर गेलं, आणि एवढ्यानं मांजर मरू शकतं. आपलं यकृत ज्या विकराच्या जोरावर हे औषध निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकतं, ते मांजरात फारच कमी असतं. मग विषारी अंश रक्तावर उलटतो आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. गुलाबी हिरड्या तपकिरी पडतात, तोंड नि पंजे सुजतात, धाप लागते. घरचे म्हणतात ताप वाढला, आणि उरलेली अर्धीही देतात!

उतारा आहे. अॅसिटिलसिस्टीन, माणसांच्या दवाखान्यातही हेच वापरतात. पण ते पहिल्या काही तासांत मिळायला हवं. त्यासाठी डॉक्टरांना खरं सांगा, लपवू नका. गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत न्या.

कुत्रं लंगडलं की डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन. पोटात व्रण, डांबरासारखी काळी शी, मग मूत्रपिंडं जातात. गुरांना दिलेल्या याच डायक्लोफेनॅकनं त्यांची मढी खाणारी गिधाडं संपवली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांची इंजेक्शनं गोठ्यात जातच राहिली, म्हणून २०१५ मध्ये मोठ्या बाटल्या बंद करून तीन मिलीची कुपी तेवढी ठेवली. गोळ्या मात्र घरोघरी डब्यात पडून आहेत. कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅम मिळतं, पण तेही डॉक्टरांनी वजन करून दिलं तरच, आणि उपाशीपोटी नाही.

गोचीड तापाची गत आणखी वाईट, कारण इथे औषध बरोबर असतं. कुत्रं मलूल, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त. डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देतात, तीन ते चार आठवडे. चौथ्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागतं आणि मालक गोळी बंद करतो. जंतू प्लीहेत दडून राहतात. काही महिन्यांनी कुत्रं पुन्हा खाली बसतं, तेव्हा हाडांच्या मगजात रक्त तयार होणंच मंदावलेलं असतं. पैसे वाचले किती, तर उरलेल्या पट्टीचे. आणि कुत्र्याचं गोचिडाचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावू नका. त्यानं मांजराला झटके येतात.

आपण अजून 'गुरांचा दवाखाना' म्हणतो, त्यामुळे कुत्रं-मांजर तिकडे न्यायचं मनातच येत नाही. उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला १९७२ पासून. लातूर-नांदेडकरांना दोन्ही जवळची. नातेवाइकाच्या लग्नाला आपण याहून लांब जातो.

मेडिकलवाल्यांना एकच सांगणं: गोळी कोणासाठी हे विचारा. कुत्र्या-मांजरासाठी असेल आणि चिठ्ठी नसेल, तर देऊ नका. घरच्यांनी मांजर उचलून वजनकाट्यावर उभं राहावं, मग एकट्यानं. जो फरक येईल तो चिठ्ठीवर लिहून दवाखान्यात न्यावा.