अव्वल कारकून

महसुलातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले आमचे भाऊसाहेब माणसावर विश्वास ठेवत नाहीत, कागदावर ठेवतात. वेतनवाढ अडू नये म्हणून नोकरीत असतानाच त्यांनी एमएस-सीआयटी केलं होतं. निवृत्तीनंतर नायगावच्या घरी बैठकीत कॉम्प्युटर आला. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर टॉवेल आणि शेजारी आवक-जावक रजिस्टर. गल्लीतलं पोरगं पेनड्राइव्ह घेऊन अर्जाची प्रिंट काढायला आलं, की आधी नोंद: तारीख, नाव, पेनड्राइव्हचा रंग, यापूर्वी कोणकोणत्या मशीनला लावला, आणि सही.

"नरसीला लावलास? झेरॉक्सवाल्याकडं? मग प्रिंट बी तिकडंच काढ."

संशय अगदीच हवेतला नव्हता. एके काळी पेनड्राइव्ह लावला की विंडोज त्यातली ऑटोरनची फाइल आपण होऊन चालवायला घ्यायचं आणि तिच्या मागोमाग व्हायरस आत. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट पाठवून ही खोड मोडली, पण शॉर्टकट व्हायरसचा तो जमाना भाऊसाहेबांच्या मनातून गेला नाही. फोल्डर उघडावं तर आत नुसते शॉर्टकट. खऱ्या फायली जागच्या जागीच, फक्त लपवलेल्या. पोरं काळ्या खिडकीत एक कमांड मारून त्या परत दाखवायची आणि मोठा चमत्कार केल्यासारखं बघायची. भाऊसाहेबांना काही नवल वाटलं नाही. "फाइल जात नसती बाबा. दाबून ठेवलेली असती. पाठपुरावा करणारा पायजे."

व्हायरसांचा इतिहास त्यांना सेवापुस्तकासारखा पाठ आहे. १९८६ सालचा लाहोरच्या दोघा भावांचा 'ब्रेन' त्यांना मनापासून आवडतो, कारण त्या भावांनी व्हायरसच्या आत आपली नावं, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. "याला म्हणावं रीतसर काम!" मे २०१७ मधल्या 'वॉनाक्राय'बद्दल तर आदरच. तीनशे डॉलर भरा, तीन दिवसांत न भरल्यास दुप्पट, सात दिवसांनी फायली कायमच्या गेल्या समजा. मुदत, दंड, परिणाम, सगळं एका पानात. वसुलीची नोटीस कशी असावी हे हल्लीच्या पोरांना दाखवायला त्यांनी तिची प्रिंट काढून ठेवली आहे. अठ्ठावीस भाषांत निघालेल्या त्या नोटिशीत मराठी नव्हती, एवढीच त्यांची तक्रार.

हसू येतं, पण मी जपून हसतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तरं धुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा आख्ख्या मराठवाड्याला कळलं की कुणीतरी कागद जपला होता म्हणून बरं.

तर एवढ्या बंदोबस्तात घुसायचं कुठून? पुढच्या दारातून, सही घेऊन. आलेला कागद भाऊसाहेबांना अनुत्तरित ठेवता येत नाही. पंचांग बघावं, तुरीचा भाव बघावा, आठव्या वेतन आयोगाचं कुठवर आलं ते बघावं, तर प्रत्येक ठिकाणी वरून एक चौकट येते: आम्ही सूचना पाठवू इच्छितो, परवानगी द्या. भाऊसाहेब देतात. विनंती रीतसर आलेली असते. नाकारायची तर कारण नमूद करावं लागतं, आणि चौकटीत तेवढी जागा नसते. लवकरच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून टपाल सुरू झालं: आपल्या संगणकात पाच व्हायरस आढळले आहेत. त्यांनी प्रत्येक सूचना आवक रजिस्टरला चढवली आणि एकीवर कार्यवाही केली. म्हणजे क्लिक.

आख्खा पडदा निळा झाला. भोंगा वाजायला लागला. एक बाई इंग्रजीत दरडावत होती. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, खाली फोन नंबर, मधे ठळक अक्षरांत आदेश: संगणक बंद करू नये.

वहिनी आतून ओरडल्या, "अहो, बटन दाबा की!"

"लेखी मनाई हाय."

ते खुर्ची ओढून समोर बसले. जेवण तिथंच मागवलं. त्या नंबरावर फोन मात्र केला नाही, कारण पत्रावर जावक क्रमांक नव्हता. (पुष्कळ शिकलेली माणसं तेवढंही बघत नाहीत आणि खातं रिकामं करून बसतात.) शेवटी लाइट गेली. यूपीएसने थोडा वेळ भोंग्याला साथ दिली आणि मान टाकली. लाइट आल्यावर त्यांनी मशीन सुरू केलं, तर ब्राउझरने अदबीनं विचारलं, मघाची पानं पुन्हा उघडायची का? विचारलं होतं, त्यामुळे हो म्हणणं भाग होतं. भोंगा पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून भाचा आला. त्याने टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला आणि परत उघडताना मघाची पानं मागितली नाहीत.

"मामा, मायक्रोसॉफ्ट इशाऱ्यात कधी फोन नंबर देत नसती. पैसे गेले असते तर १९३० ला लावायचा असतो फोन."

"पण व्हायरस आला कुठून? रजिस्टर बघ, महिनाभरात बाहेरचा एक पेनड्राइव्ह लागलेला नाही."

"व्हायरस नव्हताच. ही नुसती वेबसाइट हाय. परवानगी तुम्हीच दिलाव की."

त्याने सेटिंगमध्ये जाऊन सूचनांची यादी उघडली. एकाखाली एक नावं, खाली सरकवावं तर आणखी. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. आपण दिलेल्या मंजुऱ्या अशा एका जागी, ओळीने लावलेल्या, नोकरीत त्यांना कधी बघायला मिळाल्या नव्हत्या. "हे पंचांगाचं. हे तुरीचं. हे पुतण्याच्या स्थळासाठी बघितलं होतं."

"काढून टाकू का सगळे?"

भाऊसाहेबांनी त्याचा माउसवरचा हात धरला.

"असं परस्पर? आधी कारणं दाखवा नोटीस काढ. सात दिवसांची मुदत दे."