बागायतदाराच्या घरातील ओल: उत्पत्ती व निवारण

काँक्रीट दिसायला दगड असले तरी स्वभावाने टीपकागद आहे. सिमेंट पुरते मुरायला त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी लागते, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २० लिटर. माल हाताखाली सरकावा म्हणून थोडे जास्त घालावे लागते, आणि भारतीय मानक ४५६ मध्ये एम-२० प्रतीच्या ठरीव मिश्रणासाठी पोत्यामागे ३० लिटरची कमाल मर्यादा दिलेली आहे. वाळूत आधीच असलेले पाणीही त्यातच धरायचे असते. बांधकामावर मात्र पाणी पाइपाने सोडतात आणि मिस्त्री ‘बास’ म्हणेपर्यंत सोडतात. हे जास्तीचे पाणी पुढे उडून जाते. जाताना काँक्रीटच्या पोटात केसाहून बारीक वाटा पाडून जाते. खालची ओल वर येते ती याच वाटांनी, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावे तशी.

या विषयाच्या अभ्यासास दौंड तालुक्यातील खुटबाव हे गाव सोयीचे आहे. पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगावच्या मधले हे स्टेशन. तालुका अवर्षणप्रवण, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. इतक्या कोरड्या मुलखात फरशीला ओल येण्याचे खरे तर काही कारण नाही. ती आली की घरमालक आभाळाकडे बघतो. आभाळ बहुतेक वेळा निर्दोष असते. खडकवासल्याहून निघालेला २०२ किलोमीटरचा नवा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातून इंदापूरकडे जातो, उत्तरेला मुळा-मुठा वाहते, आणि उरलेसुरले विहिरी व बोअर भरून काढतात. पाटाने भिजवलेल्या उसाला सालात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी पाजले जाते, म्हणजे वरून पडते त्याच्या चार-पाचपट. विश्वेश्वरय्यांनी १८९९ च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आणली ती पाणी एकाच ठिकाणी साचून राहू नये, पुष्कळ गावांत वाटले जावे म्हणून. घराच्या भिंतीपर्यंत पाट आणणारा बागायतदार त्यांच्या हिशेबात नसावा.

जुन्या लोकांचा हिशेब वेगळा होता. राहायची ती पांढरी आणि पिकवायची ती काळी. गावठाण पांढरीवर, उंचवट्यावर, आणि काळीत फार तर खोपटे. पुढे भावकीत वाटण्या झाल्या, प्रत्येकाने आपापल्या रानात वस्ती केली आणि बंगले काळीत उतरले. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. तिच्यावर टाकलेला कोबा वर्षातून एकदा उचलला जातो व एकदा खाली बसतो. तडा जातो तो अशाने, आणि त्यासाठी सिमेंट कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

प्रस्तुत मार्गदर्शनात नमुना म्हणून घेतलेले घर उसाच्या फडापासून अकरा फुटांवर आहे. मालकाचे नाव देण्याचे कारण नाही. तो प्रत्येक वस्तीवर सापडतो. घरात व्हिट्रिफाइड फरशी असून भिंतींना गुडघ्यापर्यंत पोपडे, सांध्यांत पांढरा खार, आणि कपाटाखाली ठेवलेले पापड सादळलेले. खर्चात कुठे कसूर नाही. पीओपीचे छत आहे, त्यात तीन रंगांचे दिवे आहेत. जोत्याचे मात्र दोन थर वाचवले. ओल छताकडून येत नाही, ही गोष्ट वास्तुशांतीनंतर लक्षात आली.

उपचारापूर्वी निदान करावे. खालून चढलेली ओल वेगळी आणि वरून बसलेली वेगळी. मृगाच्या पहिल्या सरीनंतर हवा दमट होते, फरशी मात्र थंडच असते. तिच्यावर येणारा घाम म्हणजे माठावर येणारा घामच. त्याला पंखा पुरतो. दोन्हींतला फरक कळण्यासाठी दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि किमान सोळा तास त्याला हात लावू नये. थेंब खालच्या अंगाला दिसले तर ओल पोटातली, वरच्या अंगाला दिसले तर हवेतली. व्हिट्रिफाइड फरशी स्वतः जवळपास पाणी पीत नाही, तेव्हा तुकडा सांध्यांवर येईल असा लावावा. यात सर्वांत अवघड अट हात न लावण्याची. नमुना घरात तुकडा संध्याकाळी चिकटवला. रात्री दहाला मालकाने कोपरा उचलून पाहिला, साडेदहाला मेहुण्याने, आणि सकाळी त्यावर नातवाची सायकल उभी होती. चाचणी तीनदा करावी लागली. तिन्ही वेळा थेंब खाली.

ओल बारमाही एकाच कोपऱ्यात असेल तर आधी नहाणीचा पाइप बघावा. शास्त्र नंतर.

आता नवा तळ कसा करावा ते. खोलीच्या मापाची काळी माती दोन-तीन फूट काढून टाकावी. टाकावी म्हणजे बाहेर टाकावी. ‘भरणीला होईल’ म्हणून जोत्याशेजारी ढीग लावला तर संध्याकाळी ती परत खड्ड्यात गेलेली असते आणि कोणी घातली हे कोणालाच आठवत नाही. तिच्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून आणि धुम्मस करून. चार फूट मुरूम एकदम ओतून वरून ट्रॅक्टर फिरवणे याला धुम्मस म्हणत नाहीत. मुरमावर नऊ इंच दगडांचे सोलिंग. सोलिंग वजन पेलण्यासाठीच असते असा समज आहे. त्याचे दुसरे काम ओल तोडणे हे आहे. बारीक मातीत पाणी चढत जाते, मोठ्या दगडांमधल्या पोकळीत त्याला चढता येत नाही. म्हणून दगडांच्या फटी मातीने लिंपणाऱ्या मजुराला मायेने, पण तातडीने थांबवावे.

सोलिंगवर बारीक कच आणि वाळूचा पातळ थर द्यावा, म्हणजे वरचे प्लॅस्टिक दगडाने फाटणार नाही. मग येतो तो कागद. याच ठिकाणी बागायतदाराचे वागणे मती गुंग करते. हाच माणूस शेततळ्यात ५०० मायक्रॉनचा कागद घालतो, जोड यंत्राने चिकटवून घेतो, कडा चरात पुरतो आणि कुत्रे आत उतरू नये म्हणून भोवती जाळी मारतो. पाणी आत ठेवायचे असते तेव्हा त्याला सगळे कळते. घरात पाणी बाहेर ठेवायचे म्हटले की मात्र त्याला निम्म्या जाडीचा, २५० मायक्रॉनचा कागदही महाग वाटतो आणि खताच्या रिकाम्या गोण्या आठवतात. गोण्या चालत नाहीत. कागद सलग असावा, जोडावर किमान सहा इंच एकावर एक यावा, टेपने बंद व्हावा आणि भिंतीशी वर वळवून जोत्यावरच्या ओलरोधक थराला मिळावा. हा शेवटचा सांधा राहिला तर खालची ओल फरशी सोडते आणि भिंत धरते. काँक्रीट ओतताना कागदावर फळ्या टाकून त्यांवरूनच घमेली न्यावीत.

कागदावर चार इंच काँक्रीट टाकावे. ओलरोधक पावडर किंवा द्रव मिसळायचा तर डब्यावर लिहिलेल्या मापाने. दुप्पट घातल्याने दुप्पट गुण येत नाही, आणि जास्तीच्या पाण्याने पडलेल्या वाटा कोणत्याही डब्याने पुरत्या बुजत नाहीत.

नंतर पाणी मारणे. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला दहा, आणि कोरड्या उन्हात त्याहून जास्त. दुकानात मिळणारे बहुतेक पोते मिश्र सिमेंटचेच असते. उसाची पाळी चुकू नये म्हणून पहाटे तीनला मोटर चालू करायला उठणाऱ्यांना कोब्यावर दिवसातून तीनदा पाणी मारण्याची आठवण करून द्यावी लागते, याला काय म्हणावे?

जुन्या घरात फरशीवरून रंग फासून ओल थांबत नाही. ती कोंडली जाते आणि कडेने भिंतीत शिरते. नमुना घराची जुनी, मागची खोली याचा पुरावा आहे. तिथे अजून सारवण आहे, आजीची बाज आहे आणि भिंत कोरडी आहे. सारवण ओल अडवत नाही. ते ओलीला सगळीकडून थोडी थोडी उडून जाऊ देते, म्हणून ती दिसत नाही. नव्या घराचे जोते दोन थर उचला, असे आजीनेच सांगितले होते. तिचे कारण विंचू येतात हे होते. कारण चुकले असेल, थर बरोबर होते.

तेव्हा जुन्या घराचा उपचार बाहेरून सुरू करावा. पाट भिंतीपासून मागे न्यावा. उसाच्या दोन सऱ्या गेल्या तर जाऊ द्याव्यात, त्यांच्या उत्पन्नात पोपडे खरवडण्याची मजुरीही निघत नाही. घराभोवती तीन फूट रुंद कोबा, उतार बाहेर. त्याच्या पलीकडे जोत्याहून खोल चर, चरात खडी आणि भोकांचा पाइप, पाइपाचे तोंड खालच्या ओघळीला. खारवट रानात निचऱ्यासाठी असा पाइप गाडणारे शेतकरी याच पट्ट्यात आहेत. रानासाठी हे सुचते. घरासाठी मेहुणा सुचवतो ते करतात.

चर काढल्यावर एक उन्हाळा जाऊ द्यावा. एवढ्यानेही ओल हटली नाही तर फरशी उखडून वरीलप्रमाणे पहिल्यापासून. नवे काँक्रीट सुकण्याचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. चार इंचांना चार महिने, आणि त्याआधी वर फरशी बसवू नये. तोवर गव्हाची पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवावीत. आजीची पहिल्यापासून तशीच आहेत.