पन्नास नंबरचे दोन मालक

“तुमच्या पतसंस्थेत भूतबाधा झालीय म्हणे?” कुंपणाच्या भिंतीवर ओला टॉवेल पसरता पसरता काकूंनी विचारलं.

सावेडीत बातमी अशीच पोचते. आमच्या शिपायाची बायको काकूंच्या भिशीत आहे, त्यामुळं आमच्या ऑफिसातलं निम्मं मला काकूंकडूनच कळतं.

“भूत कसलं काकू! प्रिंटर सकाळी पावत्या छापायचा आणि दुपारी मुका व्हायचा.”

“अमावास्येपासनं सुरू झालं म्हणत होती ती.”

“नवे कॅमेरे बसवले त्या दिवसापासनं. पण ते कुणाच्या डोक्यात येईना. तोवर प्रिंटरवाला येऊन ड्रम बदलून गेला, शिपायावर वायर ओढल्याचा आळ आला, आणि मॅनेजरसाहेबांनी प्रिंटरपुढं नारळ फोडला.”

“नारळानं काही फरक?”

“त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छापलं की हो! म्हणून तर चौकशी आणखी लांबली.”

काकू हसल्या आणि टॉवेल तसाच सोडून भिंतीला टेकल्या. म्हणजे आता सगळं सांगितल्याशिवाय सुटका नाही.

“प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता 192.168.1.50. कॅमेऱ्यावाल्या पोरानं रेकॉर्डिंगच्या डब्याला, त्या डीव्हीआरला, तोच पत्ता हातानं टाकून दिला. पन्नास नंबरचे दोन मालक झाले.”

“मग कॉम्प्युटरला दिसत नाही का, कोण प्रिंटर नि कोण डबा?”

“नाही ना. त्याला पत्ता माहीत असतो, पण माल पोचवायला वेगळाच नंबर लागतो. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डात कारखान्यातच एक नंबर घातलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. 48 बिटांचा, सहा जोड्यांत लिहितात. 192 वाला पत्ता आपण दिलेला, आज एक तर उद्या दुसरा. तर पन्नास नंबरवाल्याचा मॅक काय, हे शोधायला माझा कॉम्प्युटर सगळ्या ऑफिसभर हाळी देतो: पन्नास नंबर कुणाचा? मला सांगा.”

“सगळ्यांना ऐकू जातं?”

“सगळ्यांना. ज्याचा नंबर असेल त्यानं तेवढं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी ऐकून गप्प बसायचं.”

“गप्प बसतात? मग ते नगरचे नव्हेत.”

यावर मला काही बोलता येईना, कारण तिसऱ्या घराची खिडकी एव्हाना उघडली होती.

“उत्तर आलं की कॉम्प्युटर ते टिपून ठेवतो. विंडोजवाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास ते पक्कं धरतो, मग पुन्हा खात्री करून घेतो. सिस्कोचा राउटर, मुद्दाम बदललं नसेल तर, चार तास तेच धरून बसतो. आमच्याकडं प्रिंटर रात्री बंद, डबा चोवीस तास चालू. सकाळी प्रिंटर सुरू झाला की कुणी न विचारताच जाहीर करायचा, पन्नास नंबर माझा. सगळे ते टिपून घ्यायचे आणि पावत्या निघायच्या. पुढं पुन्हा विचारणा झाली की दोघंही ओ द्यायचे. डब्याचं उत्तर धरलं गेलं की पावती त्याच्याकडं.”

“म्हणजे कॅमेऱ्यानं पावत्या गिळल्या?”

“त्याला त्यातलं कळतच नाही, टाकून देतो.”

हा उलगडा केला माझ्या भाच्यानं. तो नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. त्यानं फोनवर सांगितलं, काळ्या खिडकीत ‘एआरपी’ लिही, एक जागा सोड, मग आडवी रेघ आणि ‘ए’. माझ्या कॉम्प्युटरवर पन्नाससमोर एक मॅक आला, कॅशियरच्या कॉम्प्युटरवर दुसराच. मॅकच्या पहिल्या तीन जोड्या मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या असतात. त्या आयईईई नावाची संस्था नेमून देते. कॅशियरकडच्या तीन जोड्या निघाल्या कॅमेऱ्याच्या कंपनीच्या. शिपाई तिथल्या तिथं सुटला.

“आणि हे सगळं कुणी ठरवलं, की जो ओ देईल त्याचं खरं मानायचं?”

“डेव्हिड प्लमर म्हणून अमेरिकेत एमआयटीतला माणूस. नोव्हेंबर 1982 मध्ये त्यानं हा नियम लिहून काढला. त्यात असंही आहे, की एखाद्याचा पत्ता आधीच टिपलेला असेल आणि त्या पत्त्याच्या नावानं नवा मॅक कानावर आला, तर जुना खोडून नवा लिहायचा. कोण सांगतंय याची तपासणी नाही.”

“म्हणजे आमच्या शिंगणापूरसारखं! चौकट आहे, दार नाही.” काकूंचं माहेर सोनईचं, त्यामुळं शनिशिंगणापूरचा विषय त्यांना लागतोच. “बँकेनंसुद्धा तिथं शाखा काढली ती कुलूप न लावता.”

ते खरं आहे. युको बँकेनं 2011 साली तिथं अशी शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या.

“पण काकू, तिथं शनिमहाराजांचा धाक आहे. तारेवर कुणाचा धाक? एखादं टवाळ पोरगं हॉटेलच्या वायफायला बसतं आणि सगळ्यांना सांगतं, राउटर म्हणजे मीच. सगळे विश्वास ठेवतात. मग प्रत्येकाचं येणंजाणं त्याच्या लॅपटॉपमधून.”

काकूंनी हात आपोआप ब्लाउजमधल्या मोबाईलवर ठेवला. “माझं पेन्शनचं खातं आहे हो त्यात!”

“बँकेचं ॲप मजकूर गुप्त करूनच पाठवतं. त्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसेल. आणि हा खेळ त्या एका वायफायपुरताच. मॅकची ही हाळी राउटरच्या पलीकडं जात नाही. मोठ्या ऑफिसातले स्विच तर अशी खोटी उत्तरं अडवतातही. आमच्याकडचा स्विच आहे सगळ्यात स्वस्तातला. संचालकांच्या चहाचं बिल त्याहून मोठं असतं.”

हे बोलून गेल्यावर मी तिसऱ्या खिडकीकडं बघितलं. तिथं संचालकांच्या साडूंचं बिऱ्हाड आहे.

काकूंना मात्र वेगळीच शंका. “पत्ता घेण्याआधी त्या डब्यानं विचारायला नको, बाबांनो, इथं कोणी राहतं का?”

“तसाही नियम झाला, 2008 साली. आधी हाळी द्यायची, कुणी ओ दिली तर पत्ता सोडायचा. पण डबा बसवला रात्री. प्रिंटर बंद होता, ओ देणार कोण?”

“आणि आता?”

“भाच्यानं डब्याला दोनशे नंबर दिला. प्रिंटरचा पन्नास राउटरमध्ये त्याच्या मॅकशी बांधून टाकला, म्हणजे राउटर तो दुसऱ्या कुणाला वाटणार नाही. हातानं कुणी टाकलाच तर मात्र पुन्हा तेच. म्हणून नंबरांची यादी करून कपाटाच्या दाराला चिकटवलीय.”

“बरं झालं.” काकूंनी टॉवेल झटकला. “मग त्या प्रिंटरवाल्यानं ड्रमचे पैसे परत केले की नाही?”

“छे हो! तो सगळीकडं सांगत फिरतोय, ड्रम बदलल्यापासनं किती छान छापतोय बघा.”