काळजाची नजरअंदाज पैसेवारी

वऱ्हाडात हल्ली काळीज मनगटावर बांधून फिरतात. अमरावतीत वडाळीच्या तलावाकडे सकाळी पाय मोकळे करायला जा, कानावर हेच पडेल. “भाऊ, तुमची एचआरव्ही किती?” “त्रेपन्न!” “बाप्पा! माही तं एकेचाळीसच रायते.” एकेचाळीसवाला तिथंच निम्मा खचतो.

हा आकडा म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतराची घटबढ. निरोगी हृदय एका तालात चालत नाही. श्वास घेतला की जरा पळतं, सोडला की रेंगाळतं. हिशेब मिलिसेकंदांचा. म्हणून युरोप-अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांनी १९९६ सालीच सांगून ठेवलं, की ईसीजीचे सेकंदाला २५० ते ५०० नमुने तरी घ्या. २५० घेतले तर दर ४ मिलिसेकंदांनी नजर पडते. बॅटरी जपणारं घड्याळ २५ वेळाच हिरवा दिवा मारून पाहत असेल, तर दोन नजरांमध्ये ४० मिलिसेकंदांची डुलकी! मधली जागा गणितानं नीट भरली तर बरंच निभावतं. नाही भरली तर ठोका सोयीच्या जागी ढकलला जातो.

खरी गंमत पुढे आहे. ही ढकलाढकलही घटबढ म्हणूनच आकड्यात जमा होते. तरण्या पोराच्या भरघोस आकड्यात ती खपून जाते. पण मधुमेहानं ज्यांची घटबढ पार आटली, त्या काकांना घड्याळ सांगतं, ‘उत्तम!’ काका खुशीत जिलबी मागवतात.

महसूल खात्याला हे यंत्र फार आवडेल. त्यांची नजरअंदाज पैसेवारी अशीच: बांधावर उभं राहून नजर टाकायची, आख्ख्या गावाचं सोयाबीन पैशांत मांडायचं. आकडा ५० पैशांवर गेला की कोमेजलेलं शिवारही कागदावर डोलतं.

आपल्याला काटेकोर मोजता येत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीजनं वरच्या ३३ मिनिटांसकट नोंदवला. डांबराचं नशीब!

परवा अकोल्यात एका दुकानात एका काकांनी विचारलंच, “हे घड्याळ सेकंदाले किती डाव पायते?”

पोरगं म्हणालं, “काका, थे सोडा ना, पट्टे पाच रंगांत येतेत.”